भारतनेटचे सामाईक जाळे व ग्रामपंचायतींचे कर्तव्य

पाटाच्या वरच्या अंगास भगदाड पडले म्हणजे शेपटाकडील शेत कोरडे राहते, हे बागाईतदारांस सांगावयास नको. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम इत्यादी नद्यांवर चालत आलेली फड पद्धत याच जाणिवेवर उभी आहे. पाट सर्वांचा, म्हणून त्याची सफाई व डागडुजी सर्वांनी मिळून करावयाची, असा तिचा दंडक आहे. ग्रामपंचायतीत आलेल्या इंटरनेटच्या केबलीसही हाच न्याय लागू पडतो.

केंद्र शासनाने २०११ साली ऑप्टिकल फायबरच्या राष्ट्रीय जाळ्याची योजना मंजूर केली. तीच पुढे 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती सार्वजनिक मालकीच्या एका जाळ्याने जोडाव्या, हा तिचा उद्देश होय. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम राज्य शासनाने 'महानेट' या नावाने हाती घेतले. एकट्यादुकट्या ग्रामपंचायतीस असा खर्च झेपणारा नाही. शिवाय जाळे सार्वजनिक असल्याने निरनिराळ्या दूरसंचार कंपन्यांस ते समान अटींवर वापरता येते व प्रत्येकीने वेगळा चर खणण्याचे कारण उरत नाही.

या केबलीत काचेचे बारीक तंतू असतात व त्यांतून प्रकाशाच्या रूपाने संदेश वाहतो. पहिल्या टप्प्यात तालुक्याच्या टेलिफोन केंद्रातून निघालेल्या एकाच तंतूस वाटेत फाटे काढून अनेक ग्रामपंचायती जोडण्यात आल्या. मुख्य चारीवरून पोटचाऱ्या काढाव्या, तसाच हा प्रकार. साहजिकच एका गावाच्या शिवारात यंत्राचा दात लागून मुख्य तंतू तुटला, की पुढील सर्व गावांचे काम एकदम थांबते. पीक विम्याच्या अर्जाची मुदत संपत आली असता असे घडल्यास, केवळ सेवा केंद्रावर विसंबून असलेल्या शेतकऱ्याचे नुकसान होते. आणि चूक तर दुसऱ्याच गावात झालेली असते.

हा दोष दूर करण्यासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात ग्रामपंचायती कड्याच्या आकाराने जोडावयाच्या आहेत. कडे एके ठिकाणी तुटले तरी संदेश उलट बाजूने फिरून येतो. तथापि दोन ठिकाणी तुटल्यास मधली गावे बंदच पडतात. यास्तव नवी रचना झाली तरी राखण सुटत नाही.

सबब ग्रामपंचायतींनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्या :

१. आपल्या हद्दीतील केबलीचा मार्ग नकाशावर उतरवून तो कार्यालयात लावावा. खुणेचे दगड उपटू देऊ नयेत.

२. नळयोजना, रस्ता, शेततळे किंवा पाइपलाइन यांसाठी खोदकाम करण्यापूर्वी ठेकेदाराकडून सूचना घ्यावी. याकरिता केंद्र शासनाने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे मोबाइल ॲप सुरू केले आहे.

३. केबल तुटल्यास ती ओढू नये, गाठ मारू नये व चर बुजवू नये. काचेचे तंतू खास यंत्रानेच जोडावे लागतात. जागेवर खूण करून तत्काळ कळवावे. तुटलेल्या टोकात डोकावून पाहू नये. आतील प्रकाश दिसत नाही, परंतु तो डोळ्यास अपाय करू शकतो.

४. कार्यालयातील यंत्राचा वीजपुरवठा अन्य उपकरणासाठी काढून घेऊ नये. सौर पट्टी असल्यास तिच्यावरील धूळ वेळोवेळी पुसावी.

५. एकाच मार्गावरील ग्रामपंचायतींनी परस्परांचे दूरध्वनी क्रमांक जवळ ठेवावे व नियोजित खोदकामाची माहिती शेजारच्या गावांस आगाऊ द्यावी.

यांपैकी बहुतेक गोष्टींस पैसा लागत नाही, लागते ती केवळ दक्षता. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय येत्या ग्रामसभेत मांडावा. आपल्या हद्दीतील केबल आपण राखली, तर खालच्या गावातील शेतकऱ्याचे काम अडणार नाही. आणि वरच्या गावाने राखली, तर आपले अडणार नाही.