कॉम्प्युटर सुरू होत नाही? आधी बीप मोजा

आपल्या तिरोडा तालुक्यात आता कितीतरी बाया कॉम्प्युटरवर काम करतात. कुणी सेवा केंद्र चालवते, कुणी ग्रामपंचायतीत ऑपरेटर आहे, कुणी बचत गटांचे हिशेब भरते. २०२४ च्या जुलैमध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा केंद्रांपुढे लागलेल्या रांगा आठवा. धान विक्रीच्या ऑनलाइन नोंदणीचे दिवस आले की तीच गर्दी. अशा दिवशी सकाळी बटण दाबले, पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला, तर बाहेर बसलेल्या माणसांना काय सांगायचे? डबा गाडीवर बांधून गोंदियाला न्यायचा, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. आणि तिथे उत्तर काय मिळेल याचा भरवसा नाही. ‘मदरबोर्ड गेला’ किंवा ‘विंडोज टाकावी लागेल’, ही दोन वाक्ये आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. कधी ती खरी असतात, कधी नसतात. ते ओळखायला मेकॅनिक व्हावे लागत नाही. काय बिघडले ते बहुतेक वेळा मशीन स्वतःच सांगते, आपण ते ऐकत नाही एवढेच.

आधी आत काय घडते ते समजून घेऊ. आपण ज्या डब्याला सीपीयू म्हणतो, त्याच्या आतल्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, एक छोटी चिप असते. तिच्यात बायोस नावाचा प्रोग्राम कायमचा भरलेला असतो. बटण दाबल्यावर विंडोजच्याही आधी हा बायोस जागा होतो आणि घरभर फेरी मारतो. प्रोसेसर आहे का, रॅम आहे का, चित्र दाखवणारा भाग ठीक आहे का, कीबोर्ड जोडला आहे का, हे तो बघतो. या फेरीला पोस्ट म्हणतात. टपालाशी तिचा काही संबंध नाही, चालू होतानाच्या स्वतःच्या तपासणीचे ते इंग्रजी आद्याक्षरांचे नाव आहे. सगळे जागेवर असेल तरच बायोस हार्ड डिस्ककडे जातो आणि तिथून विंडोज उचलतो.

आता अडचण अशी, की चित्र दाखवणारा भाग सुरू होण्याआधीच काही बिघडलेले सापडले, तर ते पडद्यावर लिहिणार कसे? म्हणून आवाजाची युक्ती निघाली. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पहिला पीसी आणला, तेव्हाही तो सगळे ठीक असल्याचे एका छोट्या बीपने सांगत असे आणि बिघाड असला तर वेगळ्या बीप देत असे. हीच रीत अजून चालू आहे. कुकरच्या शिट्ट्या मोजायला आपल्याला कुणी शिकवले नाही. तसेच हेही. फक्त इथे किती वाजल्या एवढेच पाहायचे नाही, लांब किती, छोट्या किती आणि मध्ये किती थांबून पुन्हा त्याच वाजल्या, हेही पाहायचे.

बायोस सगळ्यांचा एक नसतो, त्यामुळे बीपचा अर्थही एक नसतो. इथे पुष्कळ जण फसतात. शेजारच्या केंद्रावर तीन बीप म्हणजे अमुक निघाले, म्हणून आपल्याकडेही तेच असेल असे नाही. असेंबल केलेल्या मशीनमध्ये बरेचदा एएमआय नावाचा बायोस असतो. त्याच्या यादीत १, २ किंवा ३ बीप म्हणजे रॅमचा दोष, ५ म्हणजे प्रोसेसर, ८ म्हणजे चित्राच्या भागाची मेमरी. जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन छोट्या बीप म्हणजे डिस्प्ले. एकच छोटी बीप वाजून चित्र आले तर काळजी नाही. एक बीप वाजली आणि चित्र आले नाही, तर डबा उघडण्याआधी मॉनिटरचे बटण आणि त्याची केबल बघा. हसू नका, झाडू मारताना केबल सैल होतेच.

कंपनीच्या मशीनमध्ये आता आवाजाबरोबर दिवाही बोलतो. मागच्या काही वर्षांतल्या डेल ऑप्टिप्लेक्समध्ये बटणाचा दिवा आधी पिवळा आणि मग पांढरा लुकलुकतो. २ पिवळे आणि ३ पांढरे म्हणजे रॅम सापडत नाही. २ आणि ४ म्हणजे रॅम आहे पण खराब. २ आणि १ म्हणजे प्रोसेसर. ३ आणि १ म्हणजे आतली छोटी बॅटरी संपली. जुन्या एचपी मशीनमध्ये लाल दिवा आणि बीप सोबतच येतात. ५ वेळा असेल तर रॅम, ६ वेळा असेल तर डिस्प्ले, ४ वेळा असेल तर वीज पुरवणारा भाग. २ वेळा म्हणजे प्रोसेसर फार तापला. भातगिरणीजवळ दुकान असलेल्यांनी हे दोनचे खूण विशेष लक्षात ठेवावे. तिथला बारीक कोंडा प्रोसेसरवरच्या पंख्यात जाऊन बसतो. काही मदरबोर्डांवर तर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशी नावे लिहिलेले चार बारीक दिवे असतात. ज्याच्यापाशी दिवा थांबला, तिथे गाडी अडली.

यात रॅमचे नाव पुन्हा पुन्हा आले, त्याला कारण आहे. रॅमची पट्टी नुसती खाचेत दाबून बसवलेली असते. ओलावा आणि धूळ बसून तिचे पिवळे दात मळतात आणि जोड सुटतो. पट्टी बहुधा बिघडलेली नसते, तिचा जोडच गेलेला असतो. हे काम घरी होते. पण आधी प्लग काढा. नुसता स्विच बंद करून चालणार नाही, आणि यूपीएसवर मशीन असेल तर वायर यूपीएसमधूनच काढा. मग बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. डब्याच्या धातूला हात लावा, मगच आत हात घाला. दोन्ही टोकांचे चिमटे उघडून पट्टी सरळ वर काढा. पिवळ्या दातांवरून मुलांचे पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कचरा झटका. पट्टीतली खाच आणि खोबणीतला उंचवटा जुळवून ती चिमटे वाजेपर्यंत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. एकीवर चालू आणि दुसरीवर बंद, म्हणजे दोषी कोण ते कळलेच.

आवाजच येत नसेल तर? बऱ्याच असेंबल मशीनमध्ये बीपचा छोटा स्पीकर लावलेलाच नसतो. तो थोड्याच पैशांत मिळतो आणि मदरबोर्डवर स्पीकर लिहिलेल्या पिनांवर बसतो. मी तर म्हणेन, मशीन विकत घेतानाच तो मागून घ्या. तो असला की एक चांगली परीक्षा करता येते. सगळी रॅम काढून मशीन सुरू करा. बीप वाजू लागल्या, तर ओरडण्याइतपत तरी बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत. त्यानंतर कुणी ‘बोर्ड गेला’ म्हटले तर कशावरून, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. पंखा नाही, दिवा नाही, काहीच नाही, तर मात्र वीज पुरवणारा एसएमपीएस, वायर किंवा मागचा छोटा स्विच बघा. तालुक्यात ३३०० मेगावॅटचा वीज प्रकल्प असला तरी पावसाळ्यात गावातली लाईन जायची ती जातेच, आणि परत येताना तिचा झटका एसएमपीएसला बसतो. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली राहते. तो बदलायचा असतो.

तारीख रोज जुनी दिसत असेल, सुरू होताना एफ १ दाबा म्हणत असेल, सरकारी साइट असुरक्षित असल्याचे सांगत उघडत नसेल, तर बोर्डावरची नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी संपली. ती ३ व्होल्टची असते. बदला आणि तारीख नीट लावा. बूट होण्यासारखे काही सापडत नाही असा इंग्रजी मजकूर आला, तर आधी पेनड्राइव्ह लावून ठेवलेला आहे का ते पाहा.

आता ‘विंडोज टाकावी लागेल’ या वाक्याकडे येऊ. बीप किंवा दिव्याने रॅमची किंवा डिस्प्लेची खूण दिली, याचा अर्थ बायोस हार्ड डिस्कपर्यंत पोहोचलाच नाही. मग डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकल्याने काय होणार? काहीच नाही, उलट आपला डेटा जाईल. त्या डिस्कवर गावातल्या लोकांच्या आधारच्या, पासबुकांच्या स्कॅन असतात, गटाचे वर्षाचे हिशेब असतात. विंडोजचा लोगो येऊन मशीन तिथेच अडकत असेल, तर ती गोष्ट वेगळी, तेव्हा विंडोजवर संशय घेणे रास्त आहे. तरीही आधी डेटा दुसरीकडे काढून घ्या म्हणून सांगा.

दुरुस्तीला न्यायची वेळ आलीच, तर एका कागदावर लिहून न्या: मशीनची कंपनी आणि मॉडेल, किती बीप, लांब की छोट्या, दिव्याचा रंग, लोगो आला की नाही, आणि आपण काय काय करून पाहिले. दिव्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला तर आणखी बरे, मोजायला चूक होत नाही. डिस्क पुसायची नाही, हे त्याच कागदावर लिहून दुकानदाराची सही घ्या, आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवा.