रक्तांतील बिंबाणु आणि हृदयविकार

खेळतांना गुडघा फुटला, तरी थोड्याच वेळांत रक्त आपोआप थांबतें. हें काम रक्तांतील बिंबाणु, म्हणजेच प्लेटलेट, करितात. हे सूक्ष्म कण अस्थिमज्जेंत उत्पन्न होऊन सुमारें ८ ते १० दिवस जगतात. रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत ते १,५०,००० ते ४,५०,००० असतात. वाहिनीस इजा होतांच ते तेथें चिकटून बांध घालितात, असें इटलींतील शास्त्रज्ञ बिझोझेरो ह्यांनीं इ. स. १८८२ मध्यें दाखवून दिलें.

परंतु जो गुण तारक, तोच प्रसंगीं मारक होतो. तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब इत्यादि कारणांनीं हृदयाच्या रोहिणींत मेदाचा थर सांचतो. तो फुटला म्हणजे, जणूं जखमच झाली असें समजून, बिंबाणु तेथें गोळा होतात. गुठळी बनून मार्ग बुजतो, व हृदयाचा स्नायु रक्तावांचून मरूं लागतो. मेंदूच्या रोहिणींत असेंच घडल्यास पक्षाघात होतो.

अ‍ॅस्पिरिन हें औषध बिंबाणूंची एकत्र जमण्याची शक्ति कमी करितें. इ. स. १९८८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या, १७,१८७ रुग्णांवरील प्रयोगांत, झटका आल्यावर तें दिल्यानें पांच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यु सुमारें २३ टक्क्यांनीं घटले. मात्र त्यानें रक्तस्रावही होऊं शकतो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून तें रोज घेऊं नये.

पालकांस एकच विनंति. छातींत दाबल्यासारखी कळ येऊन घाम सुटला, तर वात असेल असें म्हणून रात्र काढूं नये. तत्काळ रुग्णालय गांठावें. मेलेला स्नायु पुन्हां पूर्ववत् होत नाहीं.