संगणकावरील सात-बारा आणि मेळघाटांतील कास्तकार

पावसाळ्यांत चिखलदऱ्याच्या पठारावर धुकें उतरलें म्हणजे दहा हातांवरचें झाड दिसेनासें होतें, व भ्रमणध्वनीची अवस्था आसपासच्या कित्येक ढाण्यांतून बाराहि महिने तशीच असते. अशा मुलखांतील कास्तकारास ‘तुझा सात-बारा आतां घरबसल्या मिळतो’ असें कोणीं सांगितलें तर त्यास ती थट्टा वाटावी, यांत नवल नाहीं. परंतु गोष्ट खरी आहे. आणि ती नीट समजून न घेतल्यास नुकसान त्याचेंच आहे, म्हणून थोड्या विस्तारानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वऱ्हाडांतील जमिनीच्या दप्तरावर १९२८ पासून तीन कायद्यांचा अंमल चालला: १९२८ चा वऱ्हाड जमीन महसूल कायदा, पुढें १९५४ ची मध्यप्रदेश संहिता, आणि ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६. दप्तर जितके वेळां उतरून काढावें तितके वेळां चुकीस वाव असतो, हें ज्यानें एखादी जुनी वही नकलली असेल त्यास सांगावयास नको. संगणकावर आणलें गेलें तें हेंच दप्तर. लेखणीची खाडाखोड यंत्रानें थांबविली खरी, पण सोनाजीचा सोमाजी पूर्वींच झाला असेल तर यंत्र त्यास सोमाजीच म्हणणार, आणि तेंहि सुबक अक्षरांत! सरकारासहि याची जाणीव होती; म्हणूनच २०१७ सालीं गांवोगांवीं चावडी-वाचन करून हस्तलिखित व संगणकीय उतारे ताडून पाहण्याची मोहीम काढण्यांत आली. त्या दिवशीं जे मजुरीस बाहेरगांवीं होते, त्यांचे उतारे कोणीं ताडिले असतील?

आतांची रीत अशी आहे. खरेदीखतासाठीं उभय पक्षांस दुय्यम निबंधकापुढें अजूनहि जावें लागतें. तेथें छायाचित्र व अंगठ्याचा ठसा घेतात. दस्त नोंदला गेला कीं त्याची खबर संगणकाद्वारें तहसिलींत पोंचते व फेरफाराची नोंद तयार होते. पूर्वींसारखें नोंदीसाठीं पटवाऱ्याच्या मागें हिंडणें नको. (पटवारी हा आमच्याकडील बोलींतला शब्द, सरकारी दप्तरीं तलाठी, व आतां ग्राम महसूल अधिकारी.) मग हितसंबंधितांस नोटीस निघते, हरकतीस पंधरा दिवस असतात, व त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. प्रमाणित होतांच सात-बाराहि बदलतो. हे पंधरा दिवस फार मोलाचे आहेत. नोटीस हातीं पडली असतां ती कणगीआड खोंचून ठेवणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. पुढें त्यांस अपिलासाठीं परतवाड्याच्या व अमरावतीच्या खेपा घालाव्या लागल्या.

डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा २०१८ च्या महाराष्ट्रदिनापासून मिळूं लागला. पंधरा रुपये भरले कीं तो निघतो, व त्यावर कोणाची सही-शिक्का घ्यावा लागत नाहीं. तो एकदां काढावाच, व जुन्या कागदाशीं ताडून पहावा. क्षेत्राच्या बाबतींत एकराचे हेक्टर करतांना घोटाळा होतो: २ एकर २० गुंठे म्हणजे १ हेक्टर १ आर व सुमारें १७ चौरस मीटर. चूक निव्वळ लेखनाची असेल तर कलम १५५ खालीं तहसीलदाराकडे अर्ज करावा. वडील वारले असतील तर तीन महिन्यांचे आंत वारसाची खबर द्यावी. ही खबर आतां ‘ई-हक्क’ प्रणालींतूनहि देतां येते.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. सात-बारा हा मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. कलम १५७ प्रमाणें तो खरा मानला जातो, परंतु विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. दक्षिण ऑस्ट्रेलियांत टॉरेन्स साहेबांच्या खटपटीनें १८५८ सालीं अशी पद्धति निघाली कीं, सरकारी नोंद हीच मालकी, व तिची हमी सरकारची. आपणांकडे तसें नाहीं. आपल्याकडे निबंधक दस्त नोंदतो, हक्क नोंदीत नाहीं. विकणाऱ्यास विकण्याचा अधिकार होता कीं नाहीं, याचा शोध घेणाऱ्यानेंच करावयाचा.

मेळघाटांत ही गोष्ट विशेष लागू आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीस देण्यास १९७४ पासून कलम ३६-अ प्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. ती नसतां फेरफार किती का झटपट उमटेना, त्यानें व्यवहार शुद्ध होत नाहीं. तसेंच वनहक्क कायदा, २००६ खालीं मिळालेला पट्टा वारसांकडे जातो, पण विकतां येत नाहीं, आणि विवाहित असल्यास तो पति-पत्नी दोघांच्या नांवें असतो. पट्ट्यावर कारभारणीचें नांव बरोबर लिहिलें आहे कीं नाहीं, हें कोरकू बंधूंनीं जरूर वाचवून घ्यावें. स्वतःस वाचतां येत नसेल तर शाळेंत जाणारा मुलगा अगर मुलगी घरांत असतेच. बाजाराच्या दिवशीं सेवा केंद्रावर जातांना तिला बरोबर न्यावें, व उतारा तेथेंच, पैसे देण्यापूर्वीं, मोठ्यानें वाचावयास सांगावें.