स्थौल्याचा काळ आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या

स्थौल्याच्या रुग्णास आपण वजनकाट्यावर उभे करतो, आकडा टिपतो आणि चिकित्सा आरंभतो. हे वजन किती वर्षांपासूनचे, हा प्रश्न मात्र बहुधा राहून जातो. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा होय.

केशवाहिनीचा व्यास ५ ते १० मायक्रोमीटर. तांबड्या पेशीस तेथून जवळजवळ अंग चोरूनच जावे लागते. निरोगी शरीरात भोजनोत्तर इन्सुलिनच्या प्रभावाने स्नायूंतील अधिक केशवाहिन्यांत रक्त खेळू लागते व साखर स्नायूंपर्यंत पोहोचते. दीर्घकालीन स्थौल्यात हा प्रतिसाद मंदावतो. वाहिन्यांभोवतीचा मेद एरवी त्यांना शिथिल राखतो; तोच शोथयुक्त झाला की हे कार्य सोडतो. दृष्टिपटलातील सूक्ष्म धमन्या अरुंद व सूक्ष्म सिरा रुंद झालेल्या आढळतात. वृक्कांवरील भार वाढून मूत्रातून अल्ब्युमिन जाऊ लागते. रुग्णास यातले काहीच जाणवत नाही.

अतिस्थूलात मेदच वाढतो, इतर धातू तसे वाढत नाहीत, आणि मेदाने वायूचा मार्ग अडतो, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात २१ व्या अध्यायात सांगितले आहे. स्रोतस म्हणजेच केशवाहिनी असे समीकरण मांडण्याचा मोह आम्हांस नाही (असे सोपे ताळे जुळवण्याने शास्त्राची सेवा होत नाही), तथापि पोषणाची वाटच अडते ही दृष्टी येथे उपयोगी पडते.

वजन उतरून तसेच टिकल्यास हे बदल काही अंशी मागे फिरतात. परंतु मधुमेही रुग्णात घाई नको. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या ‘सस्टेन-६’ चाचणीत दृष्टिपटलाचे उपद्रव औषध घेणाऱ्यांत ३.० टक्के, तर इतरांत १.८ टक्के आढळले. त्यांपैकी बहुतेकांचे दृष्टिपटल आधीच विकृत होते, आणि साखर वेगाने उतरणे हे संभाव्य कारण मानले गेले. अशी इंजेक्शने घेणारे रुग्ण आज आपल्याकडेही लंघन व मेदोहर कल्पांसाठी येतात, आणि चालू औषधे विचारल्याखेरीज सांगत नाहीत. म्हणून मधुमेही स्थूल रुग्णात कर्शन आरंभण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिपटलाची तपासणी व मूत्रातील अल्ब्युमिन-क्रिएटिनीन गुणोत्तर आम्ही आवश्यक मानतो.

औषधालयाच्या चालकांसही एक विनंती. मेदोहर गुग्गुळ नावाने मागणाऱ्यास मधुमेहाची गोळी वा इंजेक्शन चालू आहे काय, एवढे विचारावे. असल्यास बाटली देण्याआधी त्यास वैद्याकडे पाठवावे.