एक टाकी पाणी, एक युनिट वीज

कोयनानगरला गेलात की नेहरू उद्यानातून धरणाचा फोटो काढायचा आणि खाली लिहायचं, 'इथे वीज बनते', हे ठरलेलं. पण धरणाच्या पायथ्याशी बनते ती फक्त ४० मेगावॅट. प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॅट. बाकीची सगळी जनित्रं सह्याद्रीच्या पलीकडे, पोफळी परिसरात. शिवसागराचं पाणी बोगद्यांतून डोंगर ओलांडतं आणि सुमारे ४७५ मीटर खाली कोसळतं.

व्होल्टेज समजून घ्यायला ही उंचीच कामाला येते. उंची म्हणजे व्होल्ट, दर सेकंदाला वाहणारं पाणी म्हणजे अँपिअर. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट. (एसी करंटमध्ये पॉवर फॅक्टरची भानगड असते, ती तूर्त सोडा.)

खरा घोळ पुढे आहे. वॅट हा वेग आहे, साठा नव्हे. बाइकच्या काट्यावर ६० दिसलं म्हणून ६० किलोमीटर झाले, असं कुणी म्हणत नाही. पण 'गावाला महिन्याला किती मेगावॅट लागतात?' हा प्रश्न आपण बिनधास्त विचारतो. बिलावर पैसे लागतात ते युनिटचे. हजार वॅटची इस्त्री तासभर चालली की एक युनिट.

आता गच्चीवरची हजार लिटरची टाकी डोळ्यांसमोर आणा. ते पाणी दहा मीटर खाली पडलं तर त्यातून नऊ वॅटचा एलईडी दिवा जेमतेम तीन तास चालेल. बस्स! तेच पाणी ४७५ मीटरवरून सोडा: १००० किलो गुणिले ९.८ गुणिले ४७५, म्हणजे साधारण साडेसेहेचाळीस लाख ज्यूल. एका युनिटमध्ये ३६ लाख ज्यूल असतात. वाटेतली घट वजा केली की हातात येतं एक युनिट आणि वर थोडंसं. खाली कोळकेवाडीला अडवून तेच पाणी तिसऱ्या टप्प्यात पुन्हा वापरतात, तेवढीच काय ती भर.

मग १९६० मेगावॅट बारा महिने का चालवत नाहीत? कारण पाणी मोजून मिळतं. कृष्णा पाणी तंटा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. म्हणजे सुमारे १९१ कोटी टाक्या. आकडा प्रचंड वाटतो, पण पोफळीकडचे मोठे टप्पे पूर्ण ताकदीने अखंड चालवले, तर एवढं पाणी दोन महिन्यांच्या आसपास संपेल. म्हणून कोयना मुख्यतः मागणी चढते तेव्हा चालवतात. कोळशाचं केंद्र थंड असेल तर तापायलाच कित्येक तास जातात. पाण्याचं जनित्र काही मिनिटांत सुरू होतं.

संध्याकाळी सगळीकडचे दिवे, पंखे, मिक्सर एकदम लागतात ना, तेव्हाच. दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालू राहिला की एक युनिट, म्हणजे जवळपास एक टाकी. पोफळीकडे उतरलेली ही टाकी वाशिष्ठीतून चिपळूणमार्गे अरबी समुद्राला मिळते. कराड-सांगलीच्या वाट्याला ती परत येत नाही.