बास्केटबॉलविषयक माहितीपट व कथापट : प्रेक्षकाभिप्रायांचे एक विवेचन

प्रास्ताविक :

डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफिल्ड येथे बास्केटबॉल या खेळाची रचना केली. हिवाळ्यात बंदिस्त जागेत विद्यार्थ्यांना व्यायाम घडावा, एवढाच त्यामागील मर्यादित हेतू होता. पुढील शंभर वर्षांत मात्र हा खेळ अमेरिकन समाजजीवनाचा अविभाज्य घटक बनला. विशेषतः महानगरांतील गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये तो दारिद्र्यातून बाहेर पडण्याचा मार्ग मानला जाऊ लागला. चित्रपटासारख्या प्रभावी माध्यमाने या खेळाकडे वारंवार वळावे, हे म्हणूनच स्वाभाविक होते.

क्रीडापट पाहणारा प्रेक्षक केवळ खेळ पाहत नाही. कोण जिंकावे, का जिंकावे आणि जिंकण्याचे मोल कोणी चुकते करावे, याविषयीचे आपले मतही तो नकळत बनवीत असतो. प्रस्तुत लेखात ‘हूप ड्रीम्स’ (१९९४) हा माहितीपट केंद्रस्थानी ठेवून, त्याविषयी आणि अन्य काही बास्केटबॉलपटांविषयी व्यक्त झालेल्या अभिप्रायांचा विचार केला आहे. येथे ‘प्रेक्षक’ ही संज्ञा व्यापक अर्थाने योजली असून सर्वसामान्य रसिक, समीक्षक, विचारवंत आणि स्वतः पडद्यावर दिसलेल्या व्यक्ती या सर्वांचा तीत समावेश होतो.

उद्दिष्टे :

१) ‘हूप ड्रीम्स’ या माहितीपटाच्या स्वीकाराचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) बास्केटबॉलविषयक कथापट व माहितीपट यांच्याकडून प्रेक्षकांच्या असणाऱ्या अपेक्षांतील भेद शोधणे.
३) या अभिप्रायांमागील सामाजिक व नैतिक प्रश्नांची चर्चा करणे.

‘हूप ड्रीम्स’ : निर्मिती व आशय

शिकागो येथील कार्टेमक्विन फिल्म्स या संस्थेशी संबंधित स्टीव्ह जेम्स (दिग्दर्शक), फ्रेडरिक मार्क्स आणि पीटर गिल्बर्ट यांनी हा माहितीपट साकारला. सार्वजनिक दूरचित्रवाणीसाठी सुमारे तीस मिनिटांचा लघुपट करावा, अशी मूळ योजना होती. प्रत्यक्षात चित्रीकरण सुमारे पाच वर्षे चालले, जवळजवळ २५० तासांचे चित्रण जमा झाले आणि त्यातून पावणेतीन तासांहून अधिक लांबीची कलाकृती तयार झाली.

विल्यम गेट्स आणि आर्थर एजी ही शिकागोच्या गरीब वस्त्यांमधील दोन कृष्णवर्णीय मुले या माहितीपटाचे नायक होत. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची निवड सेंट जोसेफ या उपनगरीय खाजगी कॅथलिक शाळेसाठी होते. विख्यात खेळाडू आयझाया थॉमस याच शाळेचा विद्यार्थी असल्याने दोघांच्याही मनात तेच स्वप्न रुजते. शाळेत जाण्यायेण्यात दररोज सुमारे तीन तास खर्ची पडतात. गेट्सला शुल्कासाठी आश्रयदाती मिळते. एजीचा खेळ मात्र अपेक्षेइतका झपाट्याने सुधारत नाही. शुल्क थकते आणि वर्षाच्या मध्यावरच त्याला शाळा सोडून मार्शल या सरकारी शाळेत जावे लागते. पुढे थकबाकीपोटी पहिल्या शाळेने अडवून ठेवलेली त्याची शैक्षणिक कागदपत्रे सोडविण्यासाठी पालकांना धडपडावे लागते.

यानंतर दैवाची दिशा पालटते. ज्याच्यावर सर्वांची भिस्त होती, त्या गेट्सच्या गुडघ्याला गंभीर दुखापत होते. ज्याला नाकारले गेले, त्या एजीचा मार्शल संघ १९९१ साली राज्य स्पर्धेत तिसरा क्रमांक पटकावतो. अखेरीस गेट्सला मार्क्वेट विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळते, तर एजी मिसूरी राज्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात दाखल होतो. दोघांपैकी एकही पुढे राष्ट्रीय व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे ‘एनबीए’मध्ये, खेळू शकला नाही.

प्रेक्षक, समीक्षक आणि अकादमी :

जानेवारी १९९४ मध्ये सनडान्स महोत्सवात या माहितीपटाला माहितीपट विभागातील प्रेक्षक-पसंतीचा पुरस्कार लाभला. जीन सिस्केल आणि रॉजर एबर्ट या शिकागोच्या समीक्षकद्वयाने, त्याला वितरक मिळण्यापूर्वीच, आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून त्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली. एबर्ट यांनी तो त्या वर्षातील आणि पुढे संपूर्ण दशकातील सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरविला. अमेरिकेतील चित्रपटगृहांत त्याने ७५ लाख डॉलरहून अधिक उत्पन्न मिळविले. कोणताही ख्यातनाम नट नसलेल्या, एवढ्या दीर्घ माहितीपटासाठी हा प्रतिसाद असाधारण होता.

याउलट ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट माहितीपट विभागात त्याला साधे नामांकनही मिळाले नाही; केवळ संकलनासाठी नामांकन मिळाले. निवड समितीचे सदस्य कंटाळा आल्यास अंधारात विजेरी दाखवून प्रदर्शन थांबवीत आणि हा माहितीपटही त्यांनी काही मिनिटांतच थांबविला, असे तत्कालीन वृत्तांतांतून पुढे आले. या प्रकरणी टीकेचे मोहोळ उठले व अकादमीला माहितीपटांच्या निवडपद्धतीत सुधारणा हाती घ्यावी लागली. २००५ साली ‘हूप ड्रीम्स’चा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत झाला. अधिकृत परीक्षकांनी जे नाकारले, ते प्रेक्षकांच्या आग्रहामुळे टिकून राहिले, असे यासंदर्भात म्हणता येईल.

मतभेदाचे मुद्दे :

सर्वच अभिप्राय अनुकूल होते, असे मात्र नव्हे. कृष्णवर्णीय स्त्रीवादी विचारवंत बेल हुक्स यांनी १९९५ मध्ये या माहितीपटाची परखड चिकित्सा केली. स्पर्धा आणि विजय यांना सर्वस्व मानणाऱ्या मूल्यव्यवस्थेला हा माहितीपट पुरेसे आव्हान देत नाही, तसेच गौरवर्णीय चित्रपटकर्त्यांच्या दृष्टीतून घडलेले कृष्णवर्णीय जीवनाचे हे चित्र सहजपणे ‘सत्य’ म्हणून स्वीकारले जाते, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता.

हा आक्षेप गांभीर्याने घेण्याजोगा आहे. महाविद्यालयांसाठी खेळाडू हेरणारे निवडकर्ते या मुलांची उंची, वेग आणि उडी मोजतात. प्रेक्षागृहात बसलेला माणूसही हळूहळू तेच करू लागतो. गेट्सचा गुडघा बरा होईल का, एजीचा चेंडू जाळीत पडेल का, याची उत्कंठा त्याला खिळवून ठेवते. खऱ्या मुलांच्या भवितव्यातून मिळणारा हा आनंद कितपत निर्दोष मानावा? माहितीपटातील एका प्रसंगी दिग्दर्शक स्पाइक ली एका प्रशिक्षण शिबिरातील मुलांना बजावतात, की त्यांना येथे आणले गेले आहे ते त्यांच्यामुळे इतरांना पैसा मिळतो म्हणून. तो इशारा मुलांइतकाच प्रेक्षकांनाही लागू पडतो.

तथापि, या आक्षेपाचे अंशतः उत्तरही माहितीपटातच आढळते. आर्थरची आई शीला एजी परिचारिका-साहाय्यकाचा अभ्यासक्रम पूर्ण करते आणि आपल्या वर्गात सर्वाधिक गुण मिळविल्याचे तिला समजते. घरातील वीज तोडली गेलेली, पती व्यसनाधीन होऊन घराबाहेर, अशा परिस्थितीत मिळविलेले हे यश पाहताना तिच्यासमवेत टाळ्या वाजविणारे प्रेक्षागृह नसते, गुणफलकही नसतो. अनेकांच्या स्मरणात मैदानावरील कोणत्याही सामन्यापेक्षा हाच प्रसंग अधिक राहिला. आपला मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत जिवंत राहिला, याचेच समाधान मानणारी आई पाहिल्यावर ‘यश’ या शब्दाचा अर्थ प्रेक्षकाला नव्याने तपासावा लागतो.

ज्यांचे चित्रण झाले त्यांचे अभिप्रायही भिन्न होते. सेंट जोसेफ शाळा आणि तेथील प्रशिक्षक जीन पिंगाटोरी यांना आपले चित्रण अन्यायकारक वाटले व त्यांनी न्यायालयाचा मार्ग अवलंबिला. ते प्रकरण पुढे तडजोडीने मिटले. २०१९ साली निधन होईपर्यंत पिंगाटोरी यांच्या नावावर एक हजारांहून अधिक विजय जमा होते. तरीही शाळेबाहेरच्या असंख्य प्रेक्षकांसाठी ते माहितीपटातील कठोर प्रशिक्षकच राहिले. दुसऱ्या बाजूस, निर्मात्यांनी चित्रपटाच्या नफ्यात दोन्ही कुटुंबांना वाटा दिला. मात्र पडदा बंद झाल्याने जीवन थांबत नाही. गेट्सचा थोरला भाऊ कर्टिस याची २००१ मध्ये, तर आर्थरचे वडील बो एजी यांची २००४ मध्ये हत्या झाली. हे ज्ञात असलेला आजचा प्रेक्षक तीच दृश्ये १९९४ च्या प्रेक्षकाहून निराळ्या मनःस्थितीत पाहतो.

कथापटांविषयीचे अभिप्राय :

कथापटांत ‘हूझिअर्स’ (१९८६) सर्वाधिक आदरास पात्र ठरला. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००८ साली सिद्ध केलेल्या क्रीडापटांच्या यादीत त्याला चौथे स्थान मिळाले. इंडियाना राज्यातील मिलान या छोट्या गावाच्या शाळेने १९५४ साली मन्सी सेंट्रल या बलाढ्य शाळेला ३२-३० असे नमविले, ही त्यामागील सत्यघटना होय. चित्रपटातील प्रशिक्षक पूर्वायुष्यातील चुकीचे ओझे वाहणारे प्रौढ गृहस्थ आहेत. प्रत्यक्षातील प्रशिक्षक मार्विन वुड तेव्हा तिशीच्याही आतील होते. प्रेक्षकांनी या फेरफाराला आक्षेप घेतला नाही, कारण दुर्बलाने सबळावर मात करण्याची कथा त्यांना हवीच होती. परंतु अंतिम सामन्यातील प्रतिस्पर्धी संघात ठळकपणे दाखविलेले कृष्णवर्णीय खेळाडू काही समीक्षकांना खटकले. त्याच इंडियानात क्रिस्पस अटक्स या कृष्णवर्णीयांच्या शाळेने ऑस्कर रॉबर्टसन याच्या साथीने १९५५ व १९५६ अशी सलग दोन वर्षे अजिंक्यपद मिळविले. त्या काळात ‘दुर्बल’ नेमके कोणास म्हणावे, हा प्रश्न ‘हूझिअर्स’ विचारीत नाही.

‘ग्लोरी रोड’ (२००६) याच प्रश्नाला हात घालतो. १९६६ च्या अंतिम सामन्यात टेक्सास वेस्टर्नच्या पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनी सामन्याचा प्रारंभ केला आणि संघाने संपूर्ण गौरवर्णीय केंटकी संघाला ७२-६५ असे हरविले. विषय गंभीर असला तरी प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स १९६१ पासून तेथे कार्यरत होते, हे सत्य चित्रपटाने वगळले आणि सारे यश पहिल्याच हंगामात घडल्याचे दाखविले. ‘कोच कार्टर’ (२००५) मध्ये रिचमंड येथील प्रशिक्षक अभ्यासात मागे पडलेल्या खेळाडूंसाठी व्यायामशाळेलाच कुलूप लावतो. १९९९ च्या सत्यघटनेवर आधारित या चित्रपटात संघ शेवटचा सामना हरतो. त्यामुळे विजयापेक्षा शिक्षणाला महत्त्व देणारा चित्रपट म्हणून तो शिक्षक व पालकांना भावतो.

‘लव्ह अँड बास्केटबॉल’ (२०००) या जिना प्रिन्स-बायथवुड यांच्या चित्रपटाने मैदान मुलीच्या दृष्टीने दाखविले. सामन्याप्रमाणे चार भागांत विभागलेल्या या कथेची नायिका खेळातील आपली आकांक्षा सोडण्यास तयार नाही. महिलांची व्यावसायिक लीग १९९७ मध्ये सुरू झाल्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी आलेल्या या चित्रपटाचा २०२३ साली राष्ट्रीय नोंदवहीत समावेश झाला.

‘द लास्ट डान्स’ : सत्यावर मालकी कोणाची ?

एप्रिल-मे २०२० मध्ये प्रसारित झालेल्या ‘द लास्ट डान्स’ या दहा भागांच्या मालिकेने बास्केटबॉल-माहितीपटाला अभूतपूर्व प्रेक्षकवर्ग मिळवून दिला. महासाथीमुळे जगभरातील मैदाने ओस पडलेली असल्याने तिचे प्रसारण नियोजित वेळेआधीच करण्यात आले. मायकेल जॉर्डन आणि शिकागो बुल्स यांच्या १९९७-९८ च्या हंगामातील दुर्मीळ चित्रण हे तिचे प्रमुख आकर्षण होते. तिला एमी पुरस्कारही मिळाला.

परंतु हे चित्रण जॉर्डन यांच्या संमतीविना वापरता येत नव्हते आणि त्यांच्या कंपनीचा निर्मितीत सहभाग होता. माहितीपटकार केन बर्न्स यांनी अशा सहभागास आक्षेप घेतला. जॉर्डन यांचे सहखेळाडू स्कॉटी पिपेन यांनी २०२१ मधील आत्मचरित्रात, या मालिकेने इतर सहकाऱ्यांना न्याय दिला नाही, अशी नाराजी नोंदविली. ‘हूप ड्रीम्स’मधील मुलांच्या हाती संकलनाची कात्री नव्हती, येथे ती नायकाच्या आवाक्यात होती. एकाच शहराच्या दोन कथांमधील हा भेद मूलभूत स्वरूपाचा आहे.

भारतीय प्रेक्षकांच्या दृष्टीने ‘वन इन अ बिलियन’ (२०१६) या माहितीपटाचा उल्लेख आवश्यक ठरतो. पंजाबातील बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१५ साली डॅलस मॅव्हरिक्स संघाकडून निवडला गेला. एनबीएच्या निवडप्रक्रियेतून निवडला गेलेला तो पहिला भारतीय खेळाडू होय. मात्र त्यालाही प्रत्यक्ष एनबीएचा सामना खेळण्याची संधी मिळाली नाही. निवड आणि साफल्य यांमधील अंतर शिकागोप्रमाणेच येथेही जाणवते.

निष्कर्ष :

१) कथापटाकडून प्रेक्षक भावनिक न्यायाची अपेक्षा करतो, त्यासाठी इतिहासातील फेरफार तो बहुधा स्वीकारतो.
२) माहितीपटाच्या बाबतीत मात्र कोणाचे चित्रण, कोणाच्या दृष्टीतून आणि कोणाच्या नियंत्रणाखाली झाले, हे प्रश्न विचारले जातात.
३) ‘हूप ड्रीम्स’ची लोकप्रियता क्रीडापटाच्या परिचित उत्कंठेवरच उभी आहे, त्याची थोरवी ती उत्कंठा प्रेक्षकालाच अस्वस्थ करू लागते, यात आहे.
४) वंश, वर्ग व लिंगभाव यांविषयीच्या जाणिवा बदलल्या, की जुन्या चित्रपटांविषयीचे अभिप्रायही बदलतात.

समारोप :

‘हूप ड्रीम्स’च्या अखेरीस विल्यम गेट्स एक साधी गोष्ट सांगतो. मोठा खेळाडू झाल्यावर आम्हाला विसरू नकोस, असे लोक त्याला नेहमी म्हणत. आपण तसे होऊ शकलो नाही, तर तुम्ही मला विसरू नका, असे उत्तर त्यांना द्यायला हवे होते, असे त्याला वाटते. मैदानावर जिंकणाऱ्यांची नोंद इतिहास ठेवतोच. जे जिंकू शकले नाहीत, त्यांची आठवण ठेवण्याचे दायित्व हा माहितीपट प्रेक्षकाकडे सोपवितो. तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही त्याची चर्चा होत राहते, ती या दायित्वाची जाणीव अद्याप टिकून असल्यामुळेच.