स्लॅबवर कोण चढतंय?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीनं गच्चीवरच्या टाक्यांना नवी झाकणं बसवायचा खर्च फेटाळला आणि धुराच्या मशीनसाठी वर्गणी मंजूर केली. 'गोव्यात आता मलेरिया आहे कुठे?' हा त्यामागचा बिनतोड युक्तिवाद.

रॉसचा १८९७चा डास-मलेरियाचा शोध, डीडीटीचं पर्व, १९७६ची देशभरातल्या ६४ लाख रुग्णांची उसळी हे सगळं पुस्तकांत आहे, तिथंच राहू दे. मला बोलायचंय ते १९८६नंतरच्या पणजीबद्दल. मलेरियानं शहरात मुक्काम ठोकला तो तेव्हा. पुढे कांदोळी-कळंगुटही सुटलं नाही. जिकडेतिकडे बांधकामं. अ‍ॅनोफिलिस स्टीफन्सी या मलेरियाच्या डासाच्या मादीला माणसानं साठवलेलं पाणी लागतं: विहीर, टाकी, स्लॅबवर क्युअरिंगसाठी तुंबवलेलं पाणी. त्याच स्लॅबखाली परराज्यांतले मजूर झोपत, काहींच्या रक्तात जंतू गावाहूनच आलेला. डासाला लांब जायची गरजच नव्हती.

मी तेव्हा कीटक संग्राहक होतो. भल्या पहाटे टॉर्च आणि तोंडानं ओढायची नळी घेऊन गोठ्यांत शिरायचं. डास भरपूर मिळत, पण बहुतेक सबपिक्टस या दुसऱ्या जातीचे; स्टीफन्सी भिंतीवर बसलेली सापडणं मुश्कील. म्हणून अळ्यांचा माग काढायचा. पाणी काढायच्या डिपरमध्ये पाण्याच्या पृष्ठभागाशी आडवी पहुडलेली अळी दिसली की ती अ‍ॅनोफिलिसची. डोकं खाली करून लोंबणाऱ्या अळ्या दुसऱ्या डासांच्या. एका बिल्डरनं आम्हाला पावसाळाभर स्लॅबवर चढू दिलं नाही, आणि त्याच्याच साइटवर थंडीतापाची रांग लागली. पुढाऱ्यांना धुराची गाडी प्यारी, फोटो बरा येतो. टाकीतल्या अळीला त्या धुराचा पत्ताही लागत नाही.

खरं काम केलं ते पाण्यात सोडलेल्या, अळ्या मारणाऱ्या बीटीआय जिवाणूनं, इथल्याच ओहोळातल्या इवल्याशा आप्लोचिलस ब्लॉकी माशानं आणि मजुरांच्या रक्ततपासणीनं. मजुरांना आरोग्य कार्डाची सक्ती झाली तेव्हा कंत्राटदारांनी केवढा गहजब केला होता!

तीच स्टीफन्सी २०१२मध्ये जिबूतीत आढळली, मग इथिओपियात. आफ्रिकेतली शहरं आता टाक्या तपासायला शिकताहेत. आपल्याला २०३०पर्यंत मलेरिया संपवायचाय म्हणे. इकडे पर्वरीत टॉवर उठताहेत, मजूर ओडिशा-झारखंडातून येताहेत, आणि स्लॅबवर कोण चढतंय असं विचारलं की एक तरुण अधिकारी मला म्हणतो, 'काका, आता ॲप आहे.'